आबांचं वाकडं धनुष्य

लासुर्णे,
पितृपंधरवडा

प्रिय छकुली,

हातात फोन असताना हा माणूस पत्र का लिहीत बसलाय, असं तुला पहिल्या ओळीलाच वाटेल. कोऱ्हाळ्यात आता तुला छकुली म्हणणारं कुणी उरलं नसेल. तिथं तू काकी, आत्याबाई, सासूबाई. पण मला दुसरं काही लिहवत नाही. फोन केला होता मी, परवा सकाळी. तू ‘बोल दादा’ म्हणालीस आणि मी पावसाचं विचारलं, गाईचं विचारलं, दाजींच्या गुडघ्याचं विचारलं आणि ठेवून दिला. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, बारामती-इंदापूर गाडीतल्या उभ्या माणसांना हसवत नेलं, तोंडाला कधी कुलूप नव्हतं. आणि सख्ख्या बहिणीशी बोलताना शब्द फुटेना. लाज वाटत होती गं. आत्ता लिहितानाही वाटतेय. कागदावर निदान तुझा चेहरा समोर नसतो, म्हणून कागद घेतला.

गोष्ट आबांच्या धनुष्याची आहे. आपल्या त्या वाकड्या धनुष्याची. श्रीपतीकाकांचा बुद्धभूषण तुला आठवत असेल. तो आता निवृत्त झालाय, पण स्वस्थ बसणारा नाही. यंदा खंडेनवमीला वालचंदनगरला जुन्या कामगारांनी घरी हौसेनं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात आहे. कुणाच्या बापानं घडवलेला अडकित्ता, कुणाच्या चुलत्यानं केलेली पितळी समई, असं. महिनाभरापूर्वी तो घरी आला आणि म्हणाला, दत्तोबाकाकांच्या, म्हणजे आपल्या आबांच्या, हातचं काहीतरी पाहिजेच. आता आबा पडले कारखान्यात साचे करणारे. म्हणजे लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तोच भाग लाकडात हुबेहूब घडवून द्यायचा. ते सगळं कारखान्याचं, कारखान्यातच राहिलं. घरी काय, तर ते धनुष्य. मी लगेच हो म्हणालो. नुसतं हो नाही, चार शब्द बोलायचंही कबूल करून बसलो. काय बोलणार ते तुला सांगायला नको. ज्या माणसाच्या हातून कारखान्यात केसाएवढी चूक झाली नाही, त्यानं घरी पोरासाठी एक धनुष्य केलं आणि तेच नेमकं वाकडं! माझा हुकमी किस्सा. तू तो किती वेळा ऐकलास आणि दर वेळी गालातल्या गालात हसलीस.

धनुष्य माळ्यावर होतं. खाली काढलं तर अवस्था बघवेना. दोरीचा भुगा झालेला. मुठीवरचं सूत उंदरांनी कुरतडलेलं. खालच्या बाजूच्या कळकाला टोकापासून वीतभर उभी चीर गेलेली. वरच्या टोकाला कोरलेला राघू मात्र जसाच्या तसा, चोचीसकट. मी आबांची हत्यारांची पेटी उघडली, पटाशा दगडावर लावून घेतल्या, कानशी घासून साफ केल्या. कळकाला रोज थोडं थोडं जवसाचं तेल पाजलं. चिरेत सरस भरला आणि वरून रेशमाचा दोरा असा आवळला की बोटांना वळ उठले. तुझी वहिनी म्हणायची, माझे पाय दुखतात तर तेलाचा थेंब नाही आणि ह्या बांबूची रोज मालिश. मला मजा येत होती, छकुली, खोटं कशाला बोलू. आबांच्या पाटावर बसून त्यांचीच हत्यारं चालवताना आपण त्यांच्यावर उपकार करतोय असं वाटत होतं.

उपकार असा, की त्यांची चूक मी दुरुस्त करणार होतो. प्रदर्शनाला त्यांच्या वेळचे चार जण येणार, त्यांच्यासमोर आबांचं हसं व्हायला नको. किस्सा वाकड्याचा सांगायचा, पण वस्तू मात्र सरळ करून मांडायची, असा माझा बेत. बाण टेकवायची खाच आबांनी मुठीच्या वर पाडली होती, पण भलत्याच अंगाला, उजवीकडं. डाव्या हातात धनुष्य धरून उजव्यानं दोरी ओढली की बाण त्या खाचेत थांबायचाच नाही. शिवाय शिसवाच्या मुठीला एका बाजूनं उंचवटा होता, तो माझ्या बोटांत रुतायचा. तर मी ती खाच भुसा आणि फेव्हिकॉल घालून बुजवली. डावीकडं नवी पाडली. आणि उंचवटा कानशीनं उतरवायला घेतला. शिसव मोठं हट्टी लाकूड, सहजी झिजत नाही. पण मीही हट्टी. रोज सकाळी चहा झाला की बसायचो आणि काळा भुगा खाली कागदावर साचत जायचा.

तुला आठवत असेल, ह्या किश्श्यावर एकच माणूस कधी हसला नाही. श्रीपतीकाका. आबांच्या शेजारी त्यांचं टेबल होतं, उभी नोकरी दोघांनी बरोबर केली. एकदा ते माझ्या गाडीत होते. मी नेहमीसारखा रंगात आलो, गाडी खो खो हसली, काका खिडकीबाहेर बघत राहिले. लासुर्ण्याला उतरताना दांडी धरून मला म्हणाले, “जोतीराम, दत्तोबाच्या हातनं वाकडं व्हायचं न्हाय. धरनाऱ्याचं कायतरी चुकत आसंल.” मी म्हटलं काका, पुढं सरका, मागं माणसं हायेत. डबल घंटी दिली आणि गाडी सोडली. पुढच्या थांब्यापर्यंत मी तेही किश्श्यात जोडून टाकलं होतं.

आता झालं काय ते सांगतो. पंधरवड्यापूर्वी पटाशी सटकली आणि माझ्या डाव्या तळव्यात गेली. फार नाही, पण टाके पडले आणि डॉक्टरांनी हाताचं गाठोडं करून ठेवलं. काम बंद. पण मला चैन पडेना. सकाळी उठलो आणि उंचवटा कितपत उतरलाय ते बघावं म्हणून धनुष्य उचललं. डावा हात बांधलेला, म्हणून उजव्यानं उचललं. उभ्या आयुष्यात मी ते उजव्या मुठीत कधी धरलं नव्हतं. धरलं आणि ते बसलं, छकुली. जो फुगवटा मी अर्धाअधिक खाऊन टाकला होता, त्याचा उरलेला भाग अंगठ्याखालच्या मांसल जागेत असा येऊन टेकला की जणू तिथंच राहायला आला. मी बुजवलेली खाच बरोबर अंगठ्याच्या वर, जिथं बाण आपसूक टेकावा तिथं. फक्त माझी करंगळी मुठीच्या बाहेर लोंबकळत होती. मूठ लहान होती. सातवीतल्या पोराच्या हातालासुद्धा लहानच होती ती. कळक कमी पडला असेल म्हणून आबांनी छोटं केलं, असं मी लोकांना सांगायचो.

तुझी वहिनी भांडी घासत होती. मी तिला हात पुसून यायला लावलं आणि धनुष्य तिच्या उजव्या हातात दिलं. तिचा हात बारका. तिनं ते धरलं, डाव्या हातानं नसलेली दोरी ओढून बघितली आणि अगदी सहज म्हणाली, “हे तर डावऱ्या मानसाचं हाय. लहान पोरीबिरीचं.” आणि परत भांडी घासायला गेली. तिला काय माहीत. मी तिथंच आबांच्या पाटावर बसलो. आपल्या घरात डावरं माणूस एकच होतं.

मग मला तो दसरा आठवला. किश्श्यातला नव्हे, खराखुरा. किस्सा सुरू व्हायचा तो मी शिवेवर धनुष्य हातात घेतो तिथून. तू आठ वर्षांची. आपल्या आळीत सोनं लुटायच्या आधी ओढ्यापलीकडं एक बाण सोडायची जुनी रीत होती, ती मधे बंद पडली होती, आणि त्या वर्षी आबांनी पोत्यात गुंडाळून हे धनुष्य घरी आणलं. खंडेनवमीला ते पटाशांच्या शेजारी पूजेत मांडलं. दुसऱ्या दिवशी शिवेवर सगळ्यांसमोर ते पुढं करून आबा एवढंच म्हणाले, “ज्याच्या हाताला बसंल त्यानं घ्यावं.” आणि आधी मी पुढं झालोच नव्हतो. तू झालीस. मला विचारायच्या आत, कुणाला विचारायच्या आत तू झालीस. उजव्या मुठीत धनुष्य धरलंस, डाव्या हातानं दोरी ओढलीस, ती कानापर्यंत आली. आणि मागून आईचा आवाज आला, सणाचा डावा हात लावतीस? तू दोरी हळूच सैल केलीस. हात बदलून बघितलास, जमेना. मी म्हटलं, आण इकडं, आणि घेतलं. माझा बाण ओढ्यातसुद्धा गेला नाही, बाभळीत जाऊन अडकला. माणसं हसली. आणि मी, मेला तेरा वर्षांचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो की आबा, वाकडं केलंय तुमी! आबा म्हणाले, “आसंल.” ह्या ‘आसंल’वर तर मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या.

आईला मी दोष देत नाही. तिच्या आईनं तिला जे शिकवलं तेच तिनं केलं. जेवताना तुझा डावा हात चिंधीनं कमरेशी बांधायची, पण ते करताना तिचा चेहरा काही खुश नसायचा. सासरी गेल्यावर पोरीला कुणी डावरी म्हणून हिणवू नये एवढाच तिचा धसका. आणि तू शिकलीस. उजव्या हातानं लिहायला, वाढायला, ओवाळायला. तरी दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडं आलो होतो तेव्हा मागच्या दारी तू एकटीच हरभऱ्याची भाजी खुडत होतीस, डाव्या हातानं, भराभर. माझी चाहूल लागली आणि तू हात बदललास. तेव्हा मला नुसतं हसू आलं होतं.

टाके काढून आलो आणि तसाच वालचंदनगरला श्रीपतीकाकांकडं गेलो. त्यांना आता ऐकू कमी येतं, डोळे मात्र लख्ख आहेत. धनुष्य त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी मी घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, काका, हे कुणासाठी केलं होतं? ते म्हणाले, “तुझ्या बापानं एक दिस डब्याच्या झाकनात कनकेचा गोळा आनला. मी म्हनलं, दत्तोबा, घरची भाकर संपली व्हय? तर म्हनला, हळू, लेकीची मूठ हाय ती.” आबा जेवणाच्या सुट्टीत तो गोळा समोर ठेवून शिसव कोरायचे म्हणे. कणीक वाळून तडकली तरी त्यांनी तो टाकला नव्हता, फळीवर ठेवला होता. मी काकांना विचारलं की मग एवढी वर्षं मला सांगितलं का नाही. काका म्हणाले, दत्तोबानं सांगू नको म्हणून शपथ घातली होती. गाडीतल्या हशानंतर त्यांनी आबांना जाऊन विचारलंही होतं, की पोरगं गावभर तुझी चेष्टा करतंय, सांगू का त्याला? आबा म्हणाले, राहू दे, त्याला गंमत वाटतीय.

कणकेचा गोळा म्हटल्यावर मला लख्ख दिसलं. तुलाही आठवेल. आई पोळ्यांची कणीक मळत होती. आबांनी त्यातला गोळा तोडून तुझ्या उजव्या मुठीत दिला आणि म्हणाले, घट्ट दाब, आता हळूच सोड. आई किती खुश झाली होती, की बापानं एकदाचं लेकीला उजव्या हाताचं वळण लावायचं मनावर घेतलं! मी पण गोळा मागितला. आबा म्हणाले, तुझं न्हाय काम. मी रुसून अंगणात जाऊन बसलो होतो. एवढं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी त्यातून काय उचललं, तर एक किस्सा.

खरं सांगू, मधे एक दिवस मला आबांचाच राग आला. एवढा हातचा पक्का माणूस, शिवेवर एक वाक्य का बोलला नाही? पोरीसाठी केलंय, तिचा डावा हात आहे, तिला सोडू दे बाण. काय झालं असतं? आई चार दिवस बोलली नसती. आळीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली असती. पण नंतर वाटलं, ते बोलले असते तर तुझा डावा हात सगळ्या गावासमोर चर्चेला आला असता आणि तू मेल्याहून मेली असतीस. आणि नसते बोलले तर जाणार होती ती फक्त त्यांच्या हाताची अब्रू. ती त्यांनी जाऊ दिली. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. तुला ठरवता आलं असेल, तुझ्याकडं विचार करायला माझ्याहून जास्त वर्षं होती. कारण तुला माहीत होतं, हो ना? धरलंस त्या क्षणीच कळलं असणार. गोठ्यामागं तू चोरून ते चालवायचीस. एकदा मी बघितलं, भिंतीवर थापलेल्या शेणीवर तू डाव्या हातानं बाण सोडलास आणि तो बरोबर मधोमध घुसला. मी काय म्हणालो होतो? वाकडं धनुष्य आणि वाकडा हात, दोन वाकडी मिळून एक सरळ झालं. तेही मी गाडीत सांगायचो. तुझं नाव घ्यायचो नाही एवढीच काय ती मेहरबानी.

हे सगळं बालपणातलं म्हणून सोडूनही देता आलं असतं. पोर होतो, कळत नव्हतं. पण आबांच्या दहाव्याचं काय करू? चार वर्षं झाली त्याला, तेव्हा मी काही पोर नव्हतो. पाहुणे बसले होते, तू माझ्याजवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, दादा, मला दुसरं काही नको, तेवढं धनुष्य देशील का? आबांचं म्हणून तू एवढंच मागितलंस. आणि मी, चार माणसं बसलेली बघून माझी जीभ वळवळली. म्हणालो, ते वाकडं न्हेऊन काय करतीस, तुझ्या डाव्या हाताला जोडीदार पायजे व्हय? दुःखाच्या घरातसुद्धा माणसं हसली. तू पण हसलीस. पदर नीट केलास, आत गेलीस आणि चहाचे कप विसळायला लागलीस. तू गेल्यावर मी ते धनुष्य कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं, तेव्हा मनात आलं ते एवढंच, की गंमत घरात राहिलेली बरी. छकुली, ते हसणं मला ह्या दिवसांत सारखं दिसतंय. जेवताना घास घेतला की दिसतंय. काल आबांच्या तिथीला वाडी दाखवायला परसात उभा होतो, कावळा येईना, आणि मला वाटलं, बरोबर आहे, मी कावळा असतो तर मीही आलो नसतो.

बुद्धभूषणला मी कळवलंय की धनुष्य मिळणार नाही. त्याच्या प्रदर्शनाला आबांचा रंधा देतो, भाषणही नको. त्यानं कारण विचारलं तर म्हटलं, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय कसं द्यायचं. ते धनुष्य तुझं आहे. मी देतोय असं नाही. ते पहिल्यापासून तुझं होतं आणि मी अडवून बसलो होतो. दसऱ्याच्या आत ते तुझ्या घरी यायला पाहिजे. चीर आता पक्की आहे. दोरी नवी वळून ठेवलीय. मी पाडलेली डावीकडची खाच बुजवली, आबांची खाच पटाशीच्या टोकानं परत मोकळी केली, तिच्या कडा तशाच निघाल्या. पण मुठीवरचा उंचवटा मला आणता येत नाही. तुझ्या मुठीचं माप आबांनी त्या लाकडात ठेवलं होतं, ते मी कानशीनं घासून टाकलं. दुसऱ्या कुणाकडं ते नाही. काळा भुगा मी कागदाच्या पुडीत जपून ठेवलाय. त्यातच सरस कालवून परत चढवीन. पण चढवू कोणत्या आकाराचा? दोनदा अंदाजानं चढवला आणि दोनदा उतरवला. माझ्या अंदाजावर आता माझाच भरवसा राहिलेला नाही.

म्हणून हे पत्र. लाजेची गोष्ट सांगायची होती हे खरं, पण नुसती तीच असती तर कदाचित मी आणखी चार वर्षं टाळली असती. पत्राबरोबर स्टीलचा लहान डबा आहे, नीरेच्या गाडीवर असतो त्या नागेशच्या हाती पाठवतोय, तो कोऱ्हाळ्याच्या थांब्यावर तुझ्या सुनेकडं देईल. डब्यात लाकडाचा एक दांडा आहे आणि त्याच्याभोवती मेणाचा गोळा. कणीक पाठवणार होतो, पण वाटेत आंबली असती. डबा थोडा वेळ उन्हात ठेव, मेण मऊ होईल. मग दांडा उजव्या मुठीत घे आणि घट्ट दाब. हात मोठा झालाय, कष्टानं राठ झालाय, त्याची काळजी करू नकोस, आहे तसा उमटू दे. आणि नुसती मूठ धरून चालत नाही, ओढ बसल्याशिवाय तळवा खरा टेकत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा डावा हात वर घे आणि दोरी कानापर्यंत ओढल्यासारखी ओढ. मागच्या दारी जाऊ नकोस. अंगणात उभी राहा, सुना-नातवंडं बघत असली तरी ओढ. मग मूठ हळूच सोड आणि डबा नागेशकडं परत दे.

तुझाच,
ज्याच्या हाताला ते कधीच बसलं नाही, तो
जोतीदादा